मगर कोंबडीला जवळची, चिचुंद्री म्हशीला: प्राण्यांची भाऊबंदकी ठरते कशी?

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आपल्या बेळगाव भागात कोण विसरलेलं नाही. त्या पुरातला एक व्हिडिओ देशभर फिरला होता, रायबाग तालुक्यात पाण्यात बुडालेल्या एका घराच्या छपरावर मगर येऊन बसलेली. चिकोडी, अथणी, रायबागच्या कृष्णाकाठाला मगरी काय नवीन नाहीत, पावसाळ्यात पाणी वाढलं की मळ्यात, ओढ्यात, कधी उसाच्या फडात मगर दिसल्याच्या बातम्या येत असतात आणि मग लोक सहज बोलून जातात की ही म्हणजे घोरपडीचीच मोठी जात. दिसायला तसंच आहे की, चार आखूड पाय, लांब शेपूट, खरखरीत कातडं. खरं आज जिवंत असलेल्या सगळ्या प्राण्यांत मगरीचा सगळ्यात जवळचा नातेवाईक शोधायला गेलं तर तो घोरपड नाही, पाल नाही, सरडा पण नाही, तो आहे आपल्या परसात दाणे टिपणारी कोंबडी. एकटी कोंबडीच नाही, कावळा, मोर, चिमणी, सगळेच पक्षी.

पहिल्यांदा ऐकलं की हे पटत नाही, आणि न पटणं बरोबरच आहे, कारण आपण डोळ्याला दिसतं त्यावरनं नातं ठरवतो. म्हणून आधी नातं म्हणजे काय तेवढं बघू, मग बाकीचं सोपं जातं.

नातं तोंडावरनं नाही, वाटणीवरनं

आपल्याकडं भाऊबंदकीत कोण किती जवळचा हे कसं ठरवतात? तोंडवळा बघून नाही. वाटणी कुठल्या पिढीत झाली ते बघून. आजा एक असेल तर चुलत भाऊ, पणजा एक असेल तर जरा लांबचे, आणि त्याच्याही मागं गेलं तर नुसतं आडनाव एक. आता एक चुलत भाऊ गावात राहून शेती करतो, डोक्याला टोपी, पायात चप्पल, आणि दुसरा बेंगळुरात कंपनीत कामाला, बोलणं-चालणं-कपडे सगळं बदललेलं, दोघांना शेजारी उभं केलं तर कोण भाऊ म्हणणार नाही, तरीपण सुतक दोघांना लागतं. आणि शेताच्या बांधाला बांध लागलेला दुसऱ्या घरातला माणूस, तशीच टोपी, तशीच चप्पल, तसंच रापलेलं तोंड, तो काय भाऊबंद होत नाही.

प्राण्यांचं अगदी हेच आहे. ज्या जुन्या प्राण्यापासनं पुढं दोन शाखा फुटल्या त्याला समान पूर्वज म्हणतात, आणि दोन प्राण्यांचा समान पूर्वज जितका अलीकडचा तितकं त्यांचं नातं जवळचं. बाकी अंगावर पिसं आहेत का खवले, पाय आहेत का पंख, हे नंतरचं. ज्याला जसं जगावं लागलं तसं त्याचं अंग बदलत गेलं.

आता मगरीकडं या. घोरपड, पाल, सरडा, साप यांची शाखा आधीच वेगळी झाली. राहिलेल्या घरातनं पुढं साधारण २४-२५ कोटी वर्षांपूर्वी अजून एक वाटणी झाली, एका बाजूला मगरींची शाखा, दुसऱ्या बाजूला ज्यातनं डायनासोर आले आणि डायनासोरांतनं पक्षी आले ती शाखा. म्हणजे मगर आणि कोंबडी यांची वाटणी नंतरची, घोरपडीशी झालेली त्याच्या आधीची. झालं, नातं ठरलं.

मग मगरीत पक्षी दिसतो तरी कुठं?

बाहेरनं दिसत नाही, आत दिसतो. पालीच्या, सरड्याच्या हृदयाला तीन कप्पे असतात. मगरीच्या हृदयाला चार, पक्ष्यांसारखे. फुप्फुसाचं तर अजून भारी आहे. आपण श्वास घेतो तेव्हा हवा आत जाते आणि त्याच वाटेनं परत येते, पक्ष्यांच्या फुप्फुसातनं मात्र हवा एकाच दिशेनं वाहत राहते, आणि पक्ष्यांना उडायला लागतं म्हणून ही सोय झाली असं बरीच वर्षं समजत होते. २०१० मध्ये अमेरिकेतल्या मगरींवर तपासून बघितलं तर त्यांच्यातही हवा एकाच दिशेनं वाहते. मगर काय उडत नाही. इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, नंतर घोरपडीच्या फुप्फुसातही काही प्रमाणात तसंच सापडलं, म्हणून एवढ्या एका गोष्टीवर नातं उभं करता येत नाही.

मला विचाराल तर सगळ्यात बोलका पुरावा पिल्लांचा आहे. आपल्या नद्यांतली मगर उन्हाळ्याच्या तोंडाला काठावर खड्डा करून त्यात अंडी घालते आणि घालून निघून जात नाही, आसपास राहून राखण करते. दोनेक महिन्यांनी पिल्लं अंड्याच्या आतनंच आवाज करायला लागतात. तो आवाज ऐकून मगर खड्डा उकरते, ज्या जबड्यानं ती जनावर ओढून नेते त्याच जबड्यात पिल्लं अलगद धरून पाण्यात नेऊन सोडते आणि पुढं काही दिवस त्यांच्याजवळ राहते. ज्यांनी घरात कोंबडी खुडूक बसवलीय त्यांना माहीत आहे, पिल्लू बाहेर यायच्या आदल्या दिवशी अंड्याच्या आतनं चिवचिव ऐकू येते आणि कोंबडी पण त्याला उत्तर देते. घोरपड काय करते? बिळात नाहीतर वारुळात अंडी घालते, वरनं माती ओढते आणि आपल्या वाटेनं निघून जाते.

तुम्ही म्हणाल की कोंबडीला दात कुठं आहेत. दात होते, जुन्या पक्ष्यांच्या जीवाश्मांत चांगले दात दिसतात. २००६ मध्ये तर एक संशोधन आलं, जन्मजात दोष असलेल्या कोंबडीच्या भ्रूणात, म्हणजे अंड्यातल्या न वाढलेल्या पिल्लात, चोचीच्या कडेला दातांचे टोकदार कोंब फुटत होते आणि ते मगरीच्या पिल्लाच्या दातांसारखे होते. दात करायची विद्या अजून आत पडून आहे, वापर बंद झालाय एवढंच.

आणि मग खवले, आखूड पाय, जमिनीला धरून चालणं हे मगरीत आणि घोरपडीत सारखं कसं? खवले तर पार जुन्या पूर्वजाकडनं आलेलं सामान आहे, मगरीनं ठेवलं, पक्ष्यांनी बरंचसं बदलून पिसं केली, तरी कोंबडीच्या पायावर खवले अजून आहेत, बघा कधी निरखून. जुनं सामान दोघांनी सांभाळून ठेवलं म्हणजे ते दोघं जवळचे असं होत नाही. आणि आखूड पायांचं तर मगरीच्या शाखेत नंतर झालंय, या शाखेतले जुने प्राणी उंच पायांचे, जमिनीवर ताठ चालणारे होते, पाण्यात दबा धरून बसायचं जगणं आलं तसा हा आकार आला.

चिचुंद्री म्हणजे उंदीर नव्हे

आता घरातलंच उदाहरण घेऊ. रात्री स्वयंपाकघरात भिंतीच्या कडेकडेनं चिकचिक करत जाते ती चिचुंद्री आणि डब्याचं झाकण कुरतडतो तो उंदीर, आपण दोघांना एकाच फडक्यानं हाकलतो. खरं जवळनं बघा. उंदराचे डोळे मोठे, काळे, चमकणारे. चिचुंद्रीचे डोळे असून नसल्यासारखे आणि नाक लांबडं, सारखं हलणारं. उंदराला पुढं दोन वर आणि दोन खाली असे पटाशीचे दात, जन्मभर वाढत राहणारे, म्हणून त्याला कुरतडत राहावंच लागतं. चिचुंद्रीच्या तोंडात बारीक टोकदार दातांची रांग, कारण तिचं खाणं म्हणजे झुरळं, किडे, गांडुळं. तुमच्या तांदळाच्या पोत्याला भोक पाडणारी ती नव्हे, उलट ती झुरळं खाते, म्हणून तिला मारू नका असं आमच्याकडं जुनी माणसं म्हणायची ते अगदी योग्य होतं.

नात्याचं बघितलं तर दोघं दोन वेगळ्या घरातले. सस्तन प्राण्यांत साधारण ९ कोटी वर्षांपूर्वी किंवा त्याच्याही थोडं आधी एक मोठी वाटणी झाली. एका घरात उंदीर, घूस, खार, शेकरू, ससा, माकडं आणि आपण माणसं. दुसऱ्या घरात चिचुंद्री, वटवाघूळ, गाय-म्हैस, घोडा, कुत्रा, मांजर, खवल्या मांजर आणि समुद्रातला देवमासा. म्हणजे चिचुंद्री उंदरापेक्षा गोठ्यातल्या म्हशीला जवळची. आणि उंदीर? तो चिचुंद्रीपेक्षा तुम्हाला-मला जवळचा. औषधं, लसी आधी उंदरांवर तपासतात त्यामागं तो स्वस्त पडतो, भरभर वाढतो ही कारणं आहेतच, खरं हे नातंही कामाला येतं.

वटवाघळाचंही तसंच. पंखवाला उंदीर म्हणतात त्याला, आणि उंदराशी त्याचा तसा जवळचा संबंध नाही. आपल्या खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलात तळेवाडीजवळ बारापेडेच्या गुहा आहेत, तिथं राहणारं रॉटनचं वटवाघूळ जगात दुसरीकडं कुठंच नाही असं बरीच वर्षं समजत होते, नंतर मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. हे आपल्या दारातलं वटवाघूळ उंदरापेक्षा घोड्याला, कुत्र्याला, म्हशीला जवळचं आहे.

लांबच्या घरातले प्राणी सारखं जगणं जगून सारखे दिसायला लागले तर त्याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात. शब्द मोठा आहे, एकदाच सांगितला, पुढं नाही वापरत. बांधाला बांध लागलेल्या शेजाऱ्याची टोपी तशीच असते ना, तेच हे.

म्हैस, डुक्कर आणि देवमासा

हे सगळ्यात नवलाचं, म्हणून जरा सविस्तर. देवमासा सस्तन आहे, पिल्लाला दूध पाजतो, हे शाळेत शिकलोय. खरं सस्तनांत तो कुणाचा? तर खूरवाल्यांचा. त्याचा सगळ्यात जवळचा जिवंत नातेवाईक म्हणजे आफ्रिकेतला पाणघोडा, आणि त्याच्या पुढं गाय, म्हैस, शेळी, हरीण हे रवंथ करणारे. डुकराची शाखा त्याच्याही आधी वेगळी झालेली आणि घोडा तर अजून लांबचा. म्हणजे मार्कंडेय नदीत डुंबणारी म्हैस आणि समुद्रातला देवमासा यांचं नातं, म्हैस आणि घोडा यांच्या नात्यापेक्षा जवळचं. म्हैस आणि डुक्कर यांच्या नात्यापेक्षाही जवळचं.

पुरावा घोट्याच्या हाडात आहे. मटणाचा पाया खाणाऱ्यांनी हे हाड हातात घेतलेलं असणार, बकऱ्याच्या घोट्यातलं छोटं हाड, वर पण खाच आणि खाली पण खाच, दोन्ही टोकांना कप्पीसारखं गोल. दोन्हीकडं अशी कप्पी फक्त जोड खुरांच्या प्राण्यांत असते, गाय, शेळी, डुक्कर, उंट, हरीण. घोड्यात, कुत्र्यात वरच्या टोकालाच असते. आता आजच्या देवमाशाला मागचे पायच नाहीत, मग घोटा बघायचा कुठं? पाकिस्तानात साधारण ५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत पाय असलेल्या जुन्या देवमाशांची हाडं मिळाली आणि २००१ मध्ये त्यांचे घोटे जाहीर झाले. दोन्ही टोकांना कप्पी.

आणि दुसरा पुरावा आपल्या देशातला आहे. ए. रंगा राव नावाच्या भारतीय भूवैज्ञानिकांनी जम्मू भागात कालाकोट इथनं जीवाश्मांचे खडक गोळा करून ठेवले होते. ते गेल्यावर त्यांच्या पत्नीनं ते खडक हान्स थेविसन या संशोधकाकडं दिले. साफसफाई करताना सहकाऱ्याच्या हातनं एका कवटीचा कानाजवळचा तुकडा चुकून मोडला, आणि मोडल्या जागी जे दिसलं ते बघून ते थबकले, कारण कानाच्या हाडाची एक भिंत जाड होती, आणि अशी जाड भिंत त्याआधी फक्त देवमाशांतच माहीत होती. तो प्राणी मांजरापेक्षा थोडा मोठा, पायाला खूर, अंगानं बारक्या हरणासारखा, वय साधारण ४ कोटी ८० लाख वर्षं. नाव इंडोह्यूस. पायाची हाडं आतनं भरीव आणि जड, पाण्यात तळाला चालणाऱ्या पाणघोड्याची असतात तशी. २००७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. समुद्रातल्या सगळ्यात मोठ्या जनावराचं मूळ घर आपल्याच उपखंडातल्या नदी-ओढ्यांच्या काठाला होतं, हे वाचलं की मला अजूनही अंगावर काटा येतो.

आजच्या देवमाशातही खुणा आहेत. त्याच्या पोटाला एकापेक्षा जास्त कप्पे असतात. बऱ्याच जातींत कंबरेच्या हाडाचे छोटे तुकडे मांसात अडकून राहिलेले असतात. आणि मासा शेपूट डावी-उजवी हलवतो, देवमासा वर-खाली, कारण त्याचा कणा पळणाऱ्या चार पायांच्या जनावराचा आहे.

डीएनए जुळलं म्हणून नातं खरं कसं मानायचं?

हा प्रश्न योग्य आहे. डीएनए म्हणजे पेशीत असलेली, आईबापाकडनं मुलाकडं उतरणारी लांबलचक नोंद. जगणं सारखं म्हणून अंग सारखं होत असेल तर नोंद पण सारखी होऊ शकेल की. आणि तसं झालेलं आहे. डॉल्फिन आणि वटवाघूळ दोघंही आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवर शिकार शोधतात, आणि ऐकण्यात मदत करणारा प्रेस्टिन नावाचा एक जीन, म्हणजे त्या नोंदीतला एका कामाचा भाग, दोघांत इतका सारखा बदललाय की त्या एकट्यावरनं वंशावळ काढली तर डॉल्फिन वटवाघळांत जाऊन बसतो. २०१० मध्ये हे दाखवून दिलं गेलं. म्हणून एका जीनवर कोण विसंबत नाही, हजारो जीन तपासतात, आणि २०१४ मध्ये ४८ जातींच्या पक्ष्यांचं संपूर्ण डीएनए वाचून मगरींच्या डीएनएबरोबर ताडून बघितलं ते त्यासाठीच.

याहून पक्का पुरावा म्हणजे चुका. जमिनीच्या वादात दोन घरं सांगतात आमचे कागद वेगळे, आणि दोघांच्याही जुन्या उताऱ्यात एकाच ओळीत, एकाच नावात तीच चूक निघाली तर काय समजायचं? दोन्ही नकला एकाच मूळ कागदावरनं उतरल्यात, आणि चूक त्या मूळ कागदात होती. डीएनएत असे तुकडे असतात जे स्वतःची नक्कल काढून भलत्याच ठिकाणी जाऊन घुसतात आणि एकदा घुसले की सहसा तिथंच पिढ्यानपिढ्या उतरत राहतात. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की देवमासा आणि पाणघोडा यांच्यात हे तुकडे काही अगदी त्याच जागी आहेत आणि गाय, डुक्कर, उंटात त्या जागी नाहीत. आणि त्यातले दुसरे काही देवमासा, पाणघोडा, गाय या तिघांत आहेत, डुकरात नाहीत. असले तुकडे पोहण्यामुळं येत नाहीत आणि चरण्यामुळं पण येत नाहीत.

शास्त्रज्ञ तर सारखं मत बदलतात

बदलतात, कागद सापडेल तसं. कासवाला बरीच वर्षं सरपटणाऱ्यांत सगळ्यात जुनं, बाजूचं मानायचे, आता डीएनए सांगतं की ते घोरपडीपेक्षा मगर आणि पक्ष्यांना जवळचं. वटवाघळाचं घर ठरलंय, घरात नेमकी खोली कुठली यावर वाद चालू आहे. खरं वाद आता बारक्या फांद्यांवर आहे, देवमासा परत माशात जाऊन बसेल असला नाही.

म्हणजे म्हशीपासनं देवमासा झाला?

नाही. चुलत भाऊ चुलत भावाचा बाप नसतो. आजची म्हैस, आजचा पाणघोडा, आजचा देवमासा हे सगळे एकाच काळातले भाऊबंद, त्यांचा समान पूर्वज यांच्यापैकी कुणासारखाच नव्हता. माणूस माकडापासनं झाला तर माकडं अजून कशी शिल्लक, या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तरही एवढंच आहे.

आपल्या भागातले गैरसमज

दांडेलीकडनं खानापूरच्या भातशेतीत उतरणारा हत्ती गेंड्याचा, पाणघोड्याचा कोण नाही. त्याचे जवळचे म्हणजे समुद्रात गवत खाणारा डुगाँग, जो आपल्याकडं कच्छच्या आणि मन्नारच्या आखातात आहे, आणि आफ्रिका-अरबस्तानातला सशाएवढा हायरॅक्स. हत्तीणीला आणि डुगाँगला सड पुढच्या पायांपाशी असतात, गायीसारखे मागं नाही. आणि लाकूड खाणारी वाळवी मुंगीची कोण नाही, मुंगी गांधीलमाशी-मधमाशीच्या घरातली, वाळवी झुरळांच्या.

तरस दिसलं की लोक त्याला कुत्र्या-लांडग्यात धरतात. ते कुत्र्यापेक्षा मांजराला जवळचं आणि मांजरापेक्षाही मुंगसाला. माळावर लांब चालत हिंडणं, हाडं फोडणं, या जगण्यानं अंग कुत्र्यासारखं झालंय. त्याच्या नावावर कळपानं शिकार करायच्या गोष्टी चिकटवतात, आपल्याकडचं पट्टेवालं तरस बहुतेक वेळ एकटंच हिंडतं आणि मेलेल्या जनावरांवर जगतं.

आणि खवल्या मांजर. अंगावर खवले, तोंडात दात नाहीत, लांब जिभेनं मुंग्या आणि वाळवी खातं, म्हणून आधी त्याला दक्षिण अमेरिकेतल्या मुंगीखाऊंच्या घरात ठेवायचे. आता ठरलंय की त्याच्या सगळ्यात जवळची शाखा म्हणजे कुत्री, मांजरं, वाघ, अस्वलं यांची. खरं ती वाटणी फार जुनी, कित्येक कोटी वर्षांपूर्वीची, आणि त्यानंतर या घरात आज जगभर मिळून आठच जाती उरल्यात, २०२३ मध्ये डीएनएवरनं नववी सुचवली गेली ती धरून नऊ. उंदरांच्या घराण्यात दोन हजारांवर जाती आहेत, तिथली एक गेली तर दुःख आहे, घर मात्र उभं राहतं. इथं आठ-नऊच आहेत, आणि त्यातली एक आपल्या खानापूर-जोयड्याच्या जंगलात राहते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तिला पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, २०१६ मध्ये सगळ्याच जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला, तरी खवल्यांसाठी शिकार चालते, औषध म्हणून. ते खवले केराटिनचे असतात. तुमच्या-माझ्या बोटांची नखं ज्याची, तेच.